शब्दाचा पक्का

४ तारीख, सोमवार

आजपासून रोजनिशी. मालकांनी बैठकीत सांगितलं की जबाबदार माणसाने दिवसातून एकदा तरी स्वतःशी खरं बोलावं, आणि त्यासाठी वही हवी. मग सगळ्यांकडे बघून विचारलं, "लिहिणार ना?" हिशोबनीस चष्मा पुसायला लागले, बाकीचे आपापल्या चपला न्याहाळायला लागले. मी हो म्हणालो. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तरी शिस्त म्हणून लिहितो. कुलपांच्या कारखान्यात उपव्यवस्थापक. स्वभाव मनमिळाऊ. आजवर कुणाशी वाद नाही.

आमच्या प्रत्येक कुलपावर चौखूर उधळलेला घोडा असतो. कुलूप जिथल्या तिथे राहावं म्हणून लोक घेतात, मग त्यावर उधळलेला घोडा कशाला, हा प्रश्न मला नोकरीला लागलो त्याच दिवशी पडला होता. विचारायचा योग आला नाही.

आजची मोठी बातमी म्हणजे मालकांनी खराखुरा घोडा घेतला. महिनाअखेरीला कारखान्याचा वर्धापनदिन आहे. त्या दिवशी मालक घोड्यावर बसून फाटकातून आत येणार, फोटो निघणार आणि तोच फोटो पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर छापायचा. घोडा तपकिरी आहे, कपाळावर पांढरा ठिपका आणि चेहरा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा. विकणारे गृहस्थ म्हातारे होते. आयुष्यभर पोरांना घोड्यावर बसायला शिकवलं, आता लेकीकडे राहायला निघालेत. जाताना घोड्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "जनावर शब्दाचं पक्कं आहे, एवढं ध्यानात ठेवा." मालक म्हणाले, "आम्हीही शब्दाचे पक्के." दोघांनी हात मिळवले. घोड्याच्या सचोटीबद्दल इतकं गहिवरून बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

५ तारीख, मंगळवार

मालक घोड्यावर बसले. आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं होतं. घोडा डौलात चालत होता आणि मालकही डौलात बसले होते. हिशोबनिसांनी काहीतरी विनोद केला. विनोद सुमार होता, पण मालक खुशीत होते. ते त्यांचं नेहमीचं हसू हसले. त्यांचं हसू पोटातून येतं आणि मोजून तीनदा येतं, हो, हो, हो.

घोडा खाली बसला. आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, अगदी सावकाश, घरच्यासारखा. मालक एका बाजूने घरंगळले.

"भोवळ आली त्याला," मालक उठता उठता म्हणाले. भोवळच, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही.

६ तारीख, बुधवार

मालकांची कंबर धरली. सकाळीच केबिनमध्ये बोलावणं आलं.

"माझ्या वतीने तुम्ही बसाल ना घोड्यावर?"

"हो."

"शिकून घ्याल तेवढ्यात?"

"हो हो."

बाहेर आल्यावर लक्षात आलं की मी आयुष्यात कधी गाढवावरही बसलेलो नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको पाचवीचे पेपर तपासत होती. लाल पेन हवेतच राहिलं. "अहो, समोरचा काय विचारतोय ते ऐकून तरी घेता का आधी?"

"हो," मी म्हणालो.

ती हसली. आज तिचा दिवस चांगला होता. नव्या सत्रापासून ती शाळेची मुख्याध्यापिका होणार, असं आज शाळेत पक्कं झालं. मला फार आनंद झाला. तिच्या टेबलावर आता पाटी येईल, नाव आणि खाली हुद्दा. माझ्या टेबलावर अजून पाटी नाही, पण ते जाऊ दे.

८ तारीख, शुक्रवार

पहिला धडा. घोड्याला मागच्या जुन्या गोदामात ठेवलंय. जमिनीवर असताना इतकं गुणी जनावर मी पाहिलं नाही. खूर उचल म्हटलं की उचलतो, खरारा करताना डोळे मिटतो. मी दावं हातात घेऊन अंगणात फिरवला तर पाळलेल्या कुत्र्यासारखा मागे मागे. "काय, जमेल ना आपलं?" मी विचारलं आणि त्याच्या वतीने मीच "हो हो" म्हणालो. त्याने माझ्या खिशातला रुमाल हुंगला.

मग वर बसलो. पहिली काही पावलं स्वर्गीय होती. तेवढ्यात मोबाईल वाजला. मालक.

"बसलात का?"

"हो."

घोडा थांबला. मी टाच मारली, निघाला.

"चालतोय का नीट?"

"हो हो."

घोडा उलटा चालायला लागला. मागे न बघता, ट्रकसारखा. गोदामाच्या भिंतीला शेपूट लागलं तेव्हा कुठे थांबला. उतरलो, तर पुन्हा तोच गुणी घोडा, पुन्हा रुमाल.

निष्कर्ष: घोड्याला मोबाईलची भीती वाटते. उद्यापासून मोबाईल टेबलाच्या खणात.

११ तारीख, सोमवार

आज जे झालं ते लिहावं की नाही याचा विचार करत होतो, पण स्वतःशी खरं बोलायचं ठरलंय.

मालक म्हणाले, "नवी शाखा सुरू करतोय. लांब आहे, तीनेक वर्षं तरी तिथेच राहावं लागेल. तुमच्याशिवाय मला कुणी दिसत नाही. जाल ना?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यामुळे मी फक्त "हं" म्हणालो. ते हातानेच 'या आता' म्हणाले.

घरी सांगितलं. बायकोने पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवला.

"काय म्हणालात तुम्ही?"

"हं म्हणालो."

"हं म्हणजे?"

"हं म्हणजे हं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "याआधी दोनदा तुम्ही हो म्हणून आलात, आणि दोनदा मी शाळा सोडली. दोन्ही वेळा नव्या गावात पहिलीपासून सुरुवात. या वेळी मी सोडणार नाही. तुम्ही गेलात तर एकटे जाल. त्यांना नाही म्हणून सांगा."

"हो."

"हो म्हणजे, नाही म्हणणार ना?"

"हो, नाही म्हणणार."

तिचं म्हणणं बरोबर आहे. ती नसलेल्या घरात मी तीन वर्षं काय करणार? मला साधा कुकर लावता येत नाही, आणि कुकरचं निमित्त आहे, मला तिच्याशिवाय करमत नाही. उद्याच सांगून टाकतो.

१२ तारीख, मंगळवार

नाही म्हणायला म्हणून मालकांकडे गेलो. बाहेर आलो तेव्हा वर्धापनदिनाच्या सजावट समितीचा प्रमुख झालो होतो.

१४ तारीख, गुरुवार

मोबाईल खणात होता, तरी घोडा तसाच. म्हणून आज जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाठ दाबली, पाय दाबले, दात पाहिले. घोड्याला डुलकी लागली. "वर बसा बरं," ते म्हणाले, आणि शेजारून चालत प्रश्न विचारायला लागले.

"खातो-पितो ना नीट?"

"हो."

घोडा थांबला. डॉक्टरांनी लगेच वाकून पाहिलं. "इथे थांबला म्हणजे डावा पुढचा पाय. झोप लागते?"

"हो हो."

घोडा मागे निघाला. "मागे जातोय म्हणजे दुखणं पुढे आहे," डॉक्टर त्याच्यामागून चालत म्हणाले. मी उतरल्यावर घोडा डॉक्टरांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला. डॉक्टरांनी डावा पुढचा पाय पुन्हा तपासला, त्यात काहीच सापडेना. मग ते जरा रागावले आणि म्हणाले की दोष खोगिरात आहे. खोगीर पाठीला बोचतं, पण घोडा मानी असल्यामुळे सांगत नाही.

मालकांनी लगेच नवं खोगीर मागवलं. शाखेचा विषय काढायला वेळ बरोबर नव्हती.

१७ तारीख, रविवार

नवं खोगीर आलं. मऊ आहे, मला फार आवडलं. घोड्याचं मत कळलं नाही.

बायको थर्मासमध्ये चहा घेऊन बघायला आली. कुंपणापाशी उभी राहिली. मी तोंड मिटून, दात आवळून दोन फेऱ्या मारल्या, घोडा सुरेख चालला. तिसऱ्या फेरीत ती म्हणाली, "अहो, चहा निवतोय." घोडा जागच्या जागी थांबला. मी निघालो. "अहो, पाय त्या कडीत नीट अडकवा." पुन्हा थांबला.

बाईमाणूस बोलत असताना पुढे जायचं नाही, एवढी रीतभात या जनावरात आहे, असं मी तिला सांगितलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. घोड्याच्या नाकावर हात फिरवत म्हणाली, "मला तर हे तुमचे धाकटे भाऊ वाटतात. मोकळे असले की गुणाचे. कुणी पाठीवर बसलं की यांचं काही खरं नाही." तेव्हापासून ती त्याला भाऊजी म्हणते.

चहा पिताना तिने विचारलं, "सांगितलंत का मालकांना?"

"हो, म्हणजे सांगणार आहे."

चहा खरंच गार झाला होता.

१९ तारीख, मंगळवार

आज मालकांनी एक तज्ज्ञ पाठवले. त्यांच्या कार्डावर 'अश्वसंवादक' असं लिहिलंय. म्हणजे घोड्याच्या मनातलं ते ओळखतात. पांढरे कपडे, पांढरी दाढी, पांढरे बूट. गोदामातली लीद बघून बूट दारातच काढले, मग लीद बघून पुन्हा घातले.

घोड्याच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाले, "याला लहानपणी कुणी स्वीकारलं नाही."

"मग?"

"तुम्ही स्वीकारा. वर बसल्यावर याला सतत नकार जाणवतो. तुमचे ओठ मिटलेले, दात आवळलेले. मोकळे व्हा. याला होकार द्या. मनापासून, मोठ्याने, अगदी बेंबीच्या देठापासून."

होकार देण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. मी वर बसलो, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "हो! हो! हो!"

घोडा खाली बसला. माझे पाय जमिनीला टेकले.

"पाहिलंत?" तज्ज्ञांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "समर्पण केलं त्याने."

ते खरंही असेल. मला मात्र उठवताना त्रास झाला. समर्पण केलेला घोडा उठत नाही.

२१ तारीख, गुरुवार

मालकांनी वर्धापनदिनाचा बेत समजावला. मी घोड्यावरून फाटकातून आत यायचं, अंगणाला फेरी घालून मंचासमोरून जायचं. मालक माइक घेऊन उभे असतील. ते आधी सहज दोन गोष्टी बोलतील, मग सगळ्यांसमोर विचारतील, "नव्या शाखेची धुरा घ्यायला जाणार ना?" मी घोड्यावरूनच हो म्हणायचं. टाळ्या, फोटो.

"कसं वाटतं?"

"हो, छान आहे," मी म्हणालो.

म्हणजे मी बेताला हो म्हणालो, जाण्याला नाही. यातला फरक मला स्पष्ट दिसतो. बायकोला दिसेल की नाही याची खात्री नाही, म्हणून घरी सांगितलं नाही.

जाता जाता मालक म्हणाले, "आणि घोडा त्या दिवशी नीट चालला नाही तर दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा. बसून राहणारा घोडा कुलपावर शोभत नाही." मी गोदामात गेलो. तो माझ्या खिशात रुमाल शोधायला लागला. मी रुमाल काढून त्याच्यासमोर धरला.

२४ तारीख, रविवार

आज उलगडा झाला. मला व्हायला हवा होता, पण बायकोला झाला. मास्तरणीला वर्गात कोण बोललं ते पाठ फिरवूनही कळतं.

ती कुंपणापाशी बादली उपडी घालून पेपर तपासत बसली होती. मी फेऱ्या मारत होतो. तिला काहीतरी दाखवायचं होतं, म्हणाली, "अहो, हे बघा." घोडा थांबला. तिने पेन खाली ठेवलं. "जा पुढे," म्हणाली. गेलो. "इकडे बघा." घोडा चालतच राहिला. "अहो." थांबला. "अहो, अहो." घोडा मागे निघाला.

तिचे डोळे चमकायला लागले. शाळेत एखाद्या पोराची कॉपी पकडल्यावर ती अशीच दिसत असणार. "आता घट्ट धरून बसा," म्हणाली, आणि तीन वेळा 'अहो' म्हणाली. मी हळूहळू जमिनीवर आलो.

ती इतकी हसली की बादली कलंडली. "अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी शब्दाचे पक्के आहेत. तो म्हातारा काय खोटं सांगत होता का? एक हो म्हणजे थांब. दोन म्हणजे मागे. तीन म्हणजे बस. पोरांना घोड्यावर बसवून तो मधे उभा राहून ओरडत असणार. म्हणून पाठीवर कुणी असलं तरच ऐकतात. खाली काही म्हणा, त्यांची सुट्टी."

"पण मी कुठे एवढ्या वेळा हो म्हणतो?"

"म्हणत नाही?"

"हो, म्हणतो, पण..."

घोडा तेवढ्यात उठू बघत होता, तो पुन्हा नीट बसला.

या दोन आठवड्यांत दोन विद्वानांनी घोड्याचा पाय, पाठ आणि बालपण तपासलं. माझं तोंड कुणी तपासलं नाही. मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि घोड्याबद्दल आदर. तो पहिल्या दिवसापासून जसं सांगितलं तसं वागत होता.

२५ तारीख, सोमवार

सराव. मी दिवाणखान्यात खुर्चीवर उलटा बसतो, पाठ घट्ट धरतो आणि बायको प्रश्न विचारते. हो सोडून दुसरं काहीही चालेल. तिने शब्द दिलेत: बरं, चालेल, उत्तम, ठीक.

"चहा घेणार?"

"ह... बरं."

"भाजी खारट झाली होती का?"

"हो... ठीक."

"माझं वजन वाढलंय?"

"उत्तम."

तिने उशी फेकून मारली. खूप दिवसांनी आम्ही असे हसलो.

अडचण एवढीच की तीही आता मला अहो म्हणू शकत नाही, निदान घोड्याजवळ. सवय लागावी म्हणून आज घरात तिने मला नावाने हाक मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मला कानापर्यंत गरम वाटलं. ते नाव इथे लिहीत नाही.

शेवटी म्हणाली, "आता एक अवघड शब्द. 'नाही' म्हणा."

म्हणालो.

"मोठ्याने."

मोठ्याने म्हणालो. तिने मान हलवली. "आवाज चांगला आहे तुमचा. मालकांसमोर एवढाच काढा. आणि त्यांना 'बरं' म्हणू नका म्हणजे झालं, तुमचं 'बरं' हे 'हो'पेक्षा वाईट असतं."

२८ तारीख, गुरुवार

घोडा घड्याळासारखा चालतो. मालक खूश. डॉक्टर सगळ्यांना सांगतायत की खोगिराने काम केलं, अश्वसंवादक सांगतायत की स्वीकाराने केलं. दोघांनाही आभारप्रदर्शनात नाव हवंय. सजावट समितीचा प्रमुख म्हणून मी दोघांना हो म्हणालो, जमिनीवरूनच. खरं कारण मालकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पहिल्या दिवशी त्यांना त्यांच्या हसण्याने पाडलं हेही सांगावं लागलं असतं.

आमंत्रणपत्रिका घरी आली. त्यात 'नव्या शाखेच्या प्रमुखांची घोषणा' असं छापलंय. बायकोने ती दोनदा वाचली आणि टेबलावर ठेवली. मग वाळलेले कपडे काढून आणले, घड्या घालत बसली. माझ्या शर्टांच्या घड्या नेहमीपेक्षा नीट घातल्या, प्रवासाला घालतात तशा.

"मी आज सांगणार होतो," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली. "परवा बघायला येईन मी. भाऊजींसाठी."

मला फार वाईट वाटलं. तिच्याकडे बघवेना.

३० तारीख, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

अंगणात खुर्च्या, मंच, चार कोपऱ्यांत चार कर्णे. सगळे कामगार आणि त्यांच्या घरची मंडळी आलेली. बायको फाटकाजवळ उभी होती, खुर्ची दिली तरी बसली नाही. ठरल्याप्रमाणे मी फाटकातून आत आलो. टाळ्या झाल्या. घोड्याने मान अशी काही धरली होती की मलाच आपण कुणीतरी असल्यासारखं वाटायला लागलं.

मंचाजवळ येताना मालकांनी माइक तोंडाशी नेला.

"काय, घोडा कसा आहे?"

"उत्तम," मी म्हणालो. घोडा चालत राहिला.

"आनंद झाला ना आज?"

"चालेल."

लोक हसले. इथपर्यंत ठीक होतं. मग मालकांनी आवाज बदलला. आपल्या कारखान्याची वाटचाल, विश्वासू माणसं, वगैरे. मी अंगणाला दुसरी फेरी घातली. आणि मी बरोबर मंचासमोर आलो तेव्हा ते म्हणाले, "तर मग, नव्या शाखेची धुरा घ्यायला जाणार ना?"

हो जिभेच्या टोकावर आला. त्याला बोलवावं लागत नाही, तो तिथेच राहायला असतो. घोड्याचे दोन्ही कान माझ्याकडे वळले. माझ्या गुडघ्यांना कळलं की हा आता थांबायच्या तयारीत आहे. फोटोवाला एका गुडघ्यावर बसला होता. थांबला तर फोटो गेला, उद्या घोडाही गेला. आणि बाकीचे शब्द, बरं, ठीक, सगळे कुठे गेले कुणास ठाऊक. तोंडात एकच सापडला.

"नाही," मी म्हणालो.

घोडा ऐटीत पुढे गेला. मालकांचा पुढे केलेला हात मागे राहिला.

मालकांना वाटलं मी गंमत केली. त्यांना दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं, माझ्याकडून हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. ते हसले. माइकमध्ये हसले. चारही कर्ण्यांतून, पोटातून, तीनदा.

घोडा शब्दाचा पक्का. अंगणाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, आधी पुढचे गुडघे, मग मागचे. मी घरंगळलो नाही, सराव होता. जमिनीपासून हातभर उंचीवर ताठ बसून राहिलो.

मालक मंचावरून उतरून माझ्यापाशी आले. अजून हसू ओठांवर होतं, पण डोळ्यांत नव्हतं. माइक माझ्या तोंडासमोर धरला. "गंमत पुरे. नीट सांगा लोकांना. जाणार ना?"

"नाही," मी म्हणालो. "माझी बायको मुख्याध्यापिका झाली आहे. आम्ही इथेच राहणार."

हे कर्ण्यांतून चारही बाजूंनी ऐकू आलं. मलाही तसंच ऐकू आलं, दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं. फाटकाकडे बघायचं धाडस झालं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली आणि एकटा पडल्यासारखा थांबला. मग हिशोबनिसांनी चष्मा पुसायला घेतला.

३१ तारीख, रविवार

सकाळी मालकांचा फोन आला. शाखेवर हिशोबनीस जाणार. त्यांना विचारलं तेव्हा ते खाली बघत होते, त्यालाच होकार धरलाय. माझ्या बढतीचं या वर्षी काही बोलू नये, असं मालकांनी सुचवलं. आवाज थंड होता. मग म्हणाले, "आणि तो घोडा काढून टाकू या ना?"

मी नाही म्हणालो. बसलेल्या घोड्याचा फोटो कालपासून सगळीकडे फिरतोय, लोक दुकानात घोड्याचं कुलूप मागतायत, असं सांगितलं. त्यातली पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी मी जोडली. मालक विचार करतो म्हणाले. एकदा नाही म्हणायला लागलं की पुढची थापही सुचते, हे नवीन आहे.

काल घरी आल्यावर बायकोने नुसता माझा हात धरला होता. मी तिला खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, तू मोठं काही समजू नकोस. घोडा थांबेल म्हणून मी हो म्हणालो नाही. त्याला काढून टाकतील ही भीती होती, दुसरं काही नाही. घोडा नसता तर मी आज सामान बांधत असतो.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पहिलं नाही घोड्यासाठी होतं, धरलं. दुसऱ्या वेळेला भाऊजी बसलेलेच होते. आणखी खाली ते काय जाणार होते?"

याचा मी विचार केला नव्हता. कालपासून तोच करतोय.

आज खरारा करायला निघालो. खिशात रुमाल घेतला, त्याच्यासाठी. दार उघडलं आणि मागून हाक आली.

"अहो."

मी जागच्या जागी थांबलो.

"दुसरं मुद्दाम म्हणालात ना?"

घोडा जवळपास नव्हता. मी हो म्हणालो.